पॉइंट टू-टूचे फायदे

आमच्या घरात अंडं येत नसे, पण बंदूक होती. गळ्यात लिंग असलेल्या लिंगायत माणसांचं घर. पालेभाजी निवडताना अळी सापडली तर आई तिला पानासकट परसात नेऊन सोडायची आणि जाताना वर तिची समजूतही घालायची. अशा घराच्या मधल्या खोलीत, देवघराला लागून असलेल्या खुंटीवर, पॉइंट टू-टूची रायफल टांगलेली होती. आजोबांनी शेतातल्या रानडुकरांसाठी पीक-संरक्षणाचा परवाना काढला होता, तो त्यांच्यामागे अप्पांच्या नावावर झाला. डुकरांना याची काही कल्पना नव्हती. ती पूर्वीसारखीच भुईमुगात येत, पोटभर खात आणि आपल्या वेळेला परत जात.

अप्पा, म्हणजे माझे वडील, अहमदपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि कवायतीच्या पथकाचे साहेब होते. तरुणपणी कुठल्याशा शिबिरात त्यांनी ह्या जातीची रायफल चालवली होती आणि तेवढ्यावर त्यांचं उरलेलं आयुष्य निघालं. पॉइंट टू-टूचे फायदे हा त्यांचा आवडता विषय. आम्ही जेवायला बसलो, आईनं ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली की अप्पा सुरू करायचे: लोक मोठ्या बोअरच्या मागं लागतात, ते अडाणी. लहान बोअरचा आवाज कमी, धक्का कमी, काडतुसं मूठभर खिशात मावतात. रानात हरवलेला माणूस हिच्या जिवावर महिने काढू शकतो. ससा, तितर, होला, काय पाहिजे ते. आई हे ऐकत शांतपणे त्यांच्या ताटात दुसरी भाकरी टाकायची. ससा आणि तितर यांचं पुढं करायचं काय, हे त्या घरात कुणालाच येत नव्हतं, अप्पांना तर मुळीच नाही. तेवढ्यासाठी त्यांनी एक वेगळं कलम राखून ठेवलं होतं. ते आवाज खाली आणून म्हणायचे, की जनावर जखमी होऊन तडफडत असेल तर त्याला सोडवायला हिच्यासारखी दुसरी नाही. अशा वेळी गोळी घालणं ही हिंसा नव्हे, दया आहे. हे वाक्य त्यांना फार आवडत असावं, कारण ते म्हटल्यावर ते थोडा वेळ घास घेत नसत.

बंदुकीची प्रत्यक्ष कामगिरी सांगायची तर एकच. एकदा डुक्कर आलं म्हणून अप्पा शेतावर गेले, त्यांनी नेम धरला आणि आमच्याच पपईच्या झाडाची दोन कच्ची फळं खाली आली. आईनं त्यांची भाजी केली. म्हणजे रायफलीनं कुटुंब जगवलं नाही असं मला म्हणता येणार नाही. बाकी तिचा मुक्काम बराचसा पोलीस ठाण्यात असे. निवडणूक आली की परवानाधारकांनी हत्यारं जमा करायची असा नियम, आणि आमच्याकडे निवडणुकांना काय तोटा. लोकसभा संपली की विधानसभा, ती झाली की झेडपी, मग पंचायत. अप्पा तिला चादरीत गुंडाळून सायकलवरून ठाण्यावर पोचवायचे आणि निकाल लागल्यावर आणायचे. माहेरपणाला जाणाऱ्या मुलीचंही एवढं येणं-जाणं होत नाही.

दसऱ्याला मात्र ती घरी असली की तिचा थाट असायचा. खंडेनवमीला आई विळा, खुरपं, आपली विळी, अप्पांचं फाउंटन पेन आणि बंदूक असं सगळं पाटावर मांडायची. पूजा करायची तर अंगचोरपणा कशाला, हा तिचा स्वभाव. सगळ्यांना तेलाचं बोट, त्यावर हळद, त्यावर कुंकू, वर नारळाच्या पाण्याचा शिंतोडा. बंदुकीला जरा जास्तच, कारण ती सगळ्यांत भीतीदायक. शेवटी नळीच्या तोंडात झेंडूचं एक फूल देठासकट खोचायची, फुलदाणीत खोचावं तसं. अप्पा कौतुकानं बघत उभे राहायचे. पूजेचं पुसायचं नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल, हाही आईचाच नियम होता. अप्पांना जगातल्या सगळ्या रायफलींची माहिती होती, पण तेलात भिजलेलं कुंकू वर्षानुवर्षं खटक्यात मुरलं तर काय होतं, ते त्या माहितीत नव्हतं.

त्या वर्षी मी बारावीला होते. बारावीला असणं म्हणजे लातूरला असणं. अहमदपूरलाही कॉलेज होतं, शिक्षकही होते, पण लातूरच्या क्लासचं पाणी प्यायल्याशिवाय मूल डॉक्टर होत नाही हे तोवर सगळ्या मराठवाड्याला पटलं होतं. भोकर, हिमायतनगरपासून पोरं येत होती. आयांनी संसार दोन जागी मांडले होते. माझ्या आईनंही मांडला. एका खोलीत मी, आई, स्टोव्ह आणि जीवशास्त्राच्या नोट्स. खाली घरमालकांच्या गोठ्यात आणखी पोरं राहायची, म्हशी मालकांनी आधीच विकल्या होत्या. पहाटे गल्लीत कोंबड्याआधी पाठांतर सुरू व्हायचं. आमचे सर सांगायचे, समजून घेण्यात वेळ घालवू नका, समजायचं नंतर कॉलेजात बघा. मी आज्ञाधारक होते. मेरुरज्जूची आकृती मला झोपेतसुद्धा नावांसकट काढता येत होती. (पुढं मी डॉक्टर झाले नाही. लातूरच्याच क्लासेसमध्ये जीवशास्त्र शिकवून मी पोट भरलं आणि दुसऱ्यांच्या पोरांना डॉक्टर केलं. आता गुडघे दुखतात तेव्हा माझ्याच विद्यार्थ्याकडे जाते, तो मला समजावून सांगण्यात वेळ घालवत नाही.)

गणपती बुडवायला म्हणून मी आणि आई अहमदपूरला आलो होतो आणि विसर्जन झालं त्याच रात्री, पहाटे जमीन हलली. आमच्याकडे फडताळातली भांडी पडली, भिंतीला भेग गेली, एवढंच. सगळे अंगणात धावलो. आईनं मला धरलं होतं, मी नोट्स धरल्या होत्या आणि अप्पांच्या हातात बंदूक होती. भूकंपावर नेमकी कुठून गोळी झाडायची होती, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या आणि औशापलीकडच्या गावांची नावं ऐकू आली तसा अप्पांचा चेहरा उतरत गेला. त्यांची थोरली बहीण तिकडे दिलेली होती. आम्ही सगळेच तिला अक्का म्हणायचो. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. थोडी शेती आणि एक देवणी बैल एवढा तिचा संसार. बैलाचं नाव बसू. जोडीतला दुसरा म्हातारा होऊन मेला, तरी हिनं बसूला विकलं नव्हतं. शेजाऱ्याच्या बैलाबरोबर सावडीनं जुंपायची. तोंडावर काळे ठिपके असलेला, डोळ्यांनी शांत, माणसाच्या मागं मागं फिरणारा. सुट्टीत आम्ही गेलो की अक्का आधी त्याला आमची नावं सांगायची, मग आम्हाला पाणी द्यायची.

अप्पांनी गल्लीतल्या बाबूमियांना गाठलं. बाबूमियांचा टेम्पो होता आणि गावानं तोवर त्यात भाकरी, कांदे, चादरी, पाण्याचे डबे भरायला सुरुवात केलीच होती. अप्पाही चढले, बरोबर बंदूक आणि खिशात मूठभर काडतुसं. बाबूमियांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, मास्तर, हे काहून? अप्पा म्हणाले, अशा वेळी चोर येतात, कुत्री उठतात, माणसाजवळ काही असावं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तू पण चल, डॉक्टर होणार आहेस ना. मी नोट्स खाली ठेवल्या आणि चढले. मदतीला निघालेल्या त्या टेम्पोत एक धड न चाललेली बंदूक होती आणि एक न झालेली डॉक्टर.

गावाच्या अलीकडे हवालदारानं टेम्पो थांबवला. त्याच्या अंगावर धूळ होती, डोळे सुजलेले होते. त्यानं परवाना मागितला, वाचला आणि परत दिला. म्हणाला, "मास्तर, हितं डुकरं न्हाईत. पोती उतरवायला माणसं कमी पडूलालीत." अप्पांनी बंदूक चादरीत गुंडाळून सीटमागं ठेवली आणि ते पोती उतरवायला लागले.

गावाबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. जिथं घरं होती तिथं दगड आणि माती होती. तिथं जे पाहिलं त्यावर माझ्याजवळ टोमणा नाही, तेव्हाही नव्हता. अक्का जिवंत होती. उकडत होतं म्हणून ती अंगणात निजली होती आणि तेवढ्यानं वाचली. आम्हाला बघून ती रडली नाही. शेजारच्या घरातल्या माणसांची नावं एकेक करून तिनं सांगितली, ती सगळी गेली होती. मग म्हणाली, "बसूकडं चल."

गोठ्याची भिंत आणि वरची तुळई त्याच्या कमरेवर पडली होती. लोकांनी तुळई काढली होती, पण तो उठला नव्हता. मागचं अंग मेल्यासारखं पडलेलं, पुढचे पाय मात्र मधूनच जमीन खरवडायचे आणि तो सगळं बळ लावून उठायला बघायचा. पोळ्याला शिंगांना लावलेला रंग अजून ताजा होता. गुरांचा डॉक्टर येऊन गेला होता. कणा मोडलाय, उठायचा नाही, म्हणाला. त्याच्याजवळचं औषध संपलं होतं, परत येतो सांगून गेला तो पुढच्या गावाला अडकला. अक्का त्याच्या तोंडाशी बसून होती. मदत म्हणून आलेला पाव पाण्यात भिजवून भरवत होती. बसूनं जन्मात पाव खाल्ला नव्हता. तिच्या हातातून आला म्हणून तो खात होता.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "तू डॉक्टरकी शिकूलालीस न्हवं. सांग, दुखूलालंय का ह्याला?"

मला आकृती येत होती. कुठल्या मणक्याखाली संवेदना जाते आणि वर राहते, हे सरांनी पाठ करून घेतलं होतं आणि त्याला किती मार्क तेही सांगितलं होतं. समोर ती आकृती पडलेली होती, तिच्या नाकातून श्वासाबरोबर बारीक आवाज येत होता. मी म्हटलं, "मागं न्हाई अक्का. पुढं लई दुखतंय."

अक्कानं मान हलवली. तिला ते माहीतच होतं, बहुतेक दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं. ती अप्पांना म्हणाली, "तू सांगतूस ना जेवताना. सोडीव ह्याला."

अप्पांनी इतकी वर्षं ज्या प्रसंगाची वाट पाहिली होती तो असा त्यांच्यापुढं येऊन बसला, आणि त्यांचं सगळं व्याख्यान आटलं. ते म्हणाले, अक्का, आपल्याला हे चालत नाही. बैल म्हणजे बसवण्णा. गळ्यात लिंग आहे माझ्या. मग म्हणाले, डॉक्टर येईल. मग म्हणाले, परवाना फक्त डुकरांचा आहे. अक्का पाव भिजवत राहिली. बसूनं पुन्हा उठायला बघितलं. बाबूमियांना ते पाहवेना, ते तोंड फिरवून टेम्पोकडे गेले आणि सीटमागची चादर घेऊन आले.

मग कळलं की बंदूक उघडतच नाही. खटका मागं येईना. तेल, हळद आणि कुंकू यांचा असा घट्ट थर आत बसला होता की लाखेनं सील केल्यासारखी ती बंद झाली होती. नळीत डोकावून पाहिलं तर तीही बुजलेली. गेल्या दसऱ्याच्या झेंडूचा देठ तोंडाशी मोडून आत वाळून बसला होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून लोळले असते. रानात महिने काढणारी ती रायफल आमच्या आईच्या भक्तीपुढं कधीच हरली होती. अप्पांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका झाल्यासारखं आलं. ते म्हणाले, चालत नाही अक्का, बघ.

अक्कानं हात पुढं केला. बंदूक मांडीवर घेतली, केसातला आकडा काढला, सरळ केला आणि नळीतून तो देठ टोकरून टोकरून बाहेर काढला. बाबूमियांनी टेम्पोतलं रॉकेल आणलं. मग अप्पा मातीत मांडी घालून बसले आणि चादरीच्या चिंध्या रॉकेलमध्ये बुडवून बंदूक पुसायला लागले. लाल पाणी निघत होतं. दुपार कलली तरी ते पुसतच होते, खटका सुटल्यावरही पुसत होते. शेवटी अक्का म्हणाली, "झाली की रे आता स्वच्छ." तेव्हा त्यांनी चिंधी खाली ठेवली.

अक्कानं कमरेच्या पिशवीतून विभूती काढली. बसूच्या कपाळावर तीन बोटं ओढली. त्याच्या कानाशी काहीतरी बोलली, ते आम्हाला ऐकू आलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. मग उठली, थोडी लांब गेली आणि पाठ करून उभी राहिली. बाबूमिया तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

पॉइंट टू-टूच्या फायद्यांच्या यादीत अप्पांनी एक गोष्ट कधी सांगितली नव्हती, कारण ती त्यांनाही माहीत नव्हती. मोठ्या बंदुकीनं लांबून मारता येतं. लहान गोळीनं मोठं जनावर सोडवायचं तर अगदी जवळ जावं लागतं. अप्पा गुडघ्यावर बसले. बसूनं त्यांना ओळखलं, मान लांबवली आणि हाताचा वास घेतला. पाव असेल असं त्याला वाटलं असावं. त्याचा श्वास अप्पांच्या मनगटावर पडताना मला दिसत होता. अप्पांनी डाव्या हातानं आपल्या गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारलं, छातीवर धरलं, मग सोडलं. विभूतीच्या रेघा जिथं होत्या तिथं नळी टेकवली. मी डोळे मिटले नाहीत. मला डॉक्टर व्हायचं होतं म्हणून नव्हे. अप्पा एकटे पडतील असं वाटलं म्हणून.

आवाज कमी, असं ते म्हणायचे, ते मात्र खरं निघालं. वाळकी काटकी मोडावी तेवढाच झाला. बसूचं डोकं खाली आलं आणि पुढचे पाय थांबले. अक्का तशीच पाठमोरी उभी होती. थोड्या वेळानं तिनं न वळताच विचारलं, "आडकली का परत?"

अप्पा म्हणाले, "न्हाई अक्का."

तेव्हा ती खाली बसली आणि आम्ही गावात आल्यापासून पहिल्यांदा तिला रडताना ऐकलं. शेजाऱ्यांसाठी, घरासाठी, सगळ्यांसाठी ती एकदमच रडली. अप्पाही रडत होते. त्यांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. बाबूमिया आणि दोन-चार माणसांनी शेताच्या बांधाला खड्डा केला आणि बसूला शिंगांच्या रंगासकट पुरलं. येताना अक्का टेम्पोत पुढं बसली, मांडीवर बसूच्या गळ्यातली घंटा घेऊन. हवालदारानं या वेळी परवाना मागितला नाही.

लातूरला क्लास लगेच सुरू झाले. थांबून चालणार नव्हतं, परीक्षा भूकंपासाठी पुढं गेली नसती. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की यंदा भूकंपलहरींवर प्रश्न हमखास येणार, फिजिक्सवाल्यांनी तो धडा सोडू नये. वर्गातल्या एका पोराचं अर्धं घर गेलं होतं, त्यानंही तो प्रश्न अधोरेखित करून घेतला. मेरुरज्जूची आकृती मी त्यानंतर पुष्कळदा काढली, परीक्षेत आणि नंतर फळ्यावर. अजूनही काढताना एका ठिकाणी खडू जरा थांबतो. पोरांना वाटतं, बाई विसरल्या.

अक्का आमच्याकडेच राहिली. दसरा आला तेव्हा आई आणि मी अहमदपूरला आलो. जेवताना अप्पा आता पावसाबद्दल, शाळेबद्दल बोलायचे, बंदुकीबद्दल एक शब्द नाही. खंडेनवमीला आईनं नेहमीप्रमाणे पाट मांडला. विळा, खुरपं, विळी, पेन, आणि त्या वर्षी माझ्या नोट्ससुद्धा. बंदुकीसाठी तिनं खुंटीकडे हात नेला तर अप्पा म्हणाले, राहू दे यंदा तिला. आईचा हात तिथंच राहिला. तिला बंदुकीची भीती वाटायची, पण पूजा चुकवण्याची त्याहून जास्त.

अक्का कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती उठली, खुंटीवरून बंदूक काढली आणि पाटावर आणून ठेवली. अप्पा बाहेर गेले नाहीत, दाराला धरून उभे राहिले. आईनं तेलाचं बोट लावलं, हळदीची चिमूट घेतली, कुंकवाची घेतली, आणि सवयीनं झेंडूचं फूल उचलून नळीकडे नेलं. अक्कानं तिचं मनगट धरलं. फूल काढून घेतलं आणि लाकडी दस्त्याजवळ ठेवलं. मग पदराच्या शेवानं खटक्यावरचं तेल पुसून काढलं, अगदी निगुतीनं, कडाकडांनी.

"लाकडाला लाव गं बाई, पायजे तेवढं," ती म्हणाली. "तोंडाला नको. उद्या कुणाला सोडवायचं झालं, तर आडकाया नको."